अल्सीद फाल्गू उठला, त्याची गोष्ट

पॉइंट सिप्रे
बुधवार, दुपार उलटल्यावर

प्रिय अर्लीन,

सोमवारी तू रेडिओ-फोनवर आनंदानं रडलीस, ते मी ऐकलं. मी एकटीनंच नव्हे. या किनाऱ्यावर ज्याच्या ज्याच्या बोटीवर किंवा स्वयंपाकघरात रेडिओ आहे त्या सगळ्यांनी ऐकलं. "नॅनॅन, आपल्या नोएलला सदतीस नंबर दिला गं!" असं तू आपल्या धर्ममातेला ओरडून सांगितलंस आणि मागे तुझे ते समुद्रातल्या तेलविहिरीवरचे पुरुष पातेली बडवत होते. काल बेकरीत मला तुझ्या हुंदक्यांची हुबेहूब नक्कल ऐकावी लागली. त्या रेडिओवर बोलणं म्हणजे चर्चच्या पायरीवर उभं राहून बोलणं, आणि किनाऱ्यावरचं ते यंत्र आपल्या संघाच्या चाहत्यांचा म्होरक्या ओव्हिड त्रोस्क्लेअर, त्याचा मेहुणा सांभाळतो. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी तुमच्याकडे माणसं आणि भाजीपाला घेऊन जी बोट येते, तिच्या कप्तानाच्या हातात मी ते स्वतः देणार आहे. भटारखान्यात तू एकटी असशील तेव्हा वाच. हात पुसून, बसून वाच.

तुझा आनंद मी नासवणार आहे, हे आधीच सांगून टाकते. कडू गोळी साखरेत घोळून देण्याची सवय मला नाही. तुझ्या लेकानं, नोएलनं, शनिवारी कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात सदतीस नंबरची जर्सी घालू नये. झालं लिहून. हे वाक्य लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि पडद्याच्या फटीतून बाहेर कुणी आहे का ते बघितलं. मी, जिनं तरुणपणापासून घरच्या मैदानावरचा एक सामना चुकवला नाही, जी सख्ख्या भावाच्या लग्नातून नवरी यायच्या आत उठून स्टेडियमवर गेली, तीच मी हे लिहिते आहे. फादर गॅस्पारसमोर मी परपुरुषाची कबुली दिली तर ते चार प्रार्थनांवर भागवतील. हे कळलं तर मला चर्चच्या बाहेर बसवतील.

सदतीस नंबर मुळात ज्याचा, त्या अल्सीद फाल्गूला तू पाहिलंस ते बर्फाच्या कारखान्यातला एक जाडा, अबोल माणूस म्हणून. कोळंबीच्या बोटी निघायच्या वेळी तो लाद्या फोडून द्यायचा आणि लहान मुलांना बर्फाचा खडा. मी पाहिला तो दुसराच होता. तू तेव्हा पाळण्यात होतीस. चेंडू काखेत मारून तो निघाला की चुलीवर फोडणी जळत ठेवून आलेल्या बाईसारखा निघायचा. कुणाकडे बघणं नाही, कुणाला हूल देणं नाही, फक्त लवकर पोचायचंय. समोरच्या संघातली धिप्पाड पोरं त्याच्या अंगावर झेप घ्यायची आणि ओलं कुत्रं अंग झटकतं तेव्हा पाणी उडावं तशी बाजूला उडायची. पलीकडे पोचला की परत मागे यायचा आणि त्यातल्या एखाद्याला हात देऊन उठवायचा. मी नन्सच्या शाळेत वाढलेली. पुरुषांच्या देखणेपणाबद्दल आम्ही बोलायचं नव्हतं. पण तो धावू लागला की मी जशी हात जोडून उभी राहायची तशी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी कधी राहिलेली नाही, आणि हे मी फादरना सांगितलेलं आहे.

आणखी एक गोष्ट. शाळेच्या आवारात घरची फ्रेंच बोललो म्हणून ज्यांच्या हातावर पट्ट्या बसल्या, त्या आम्हा सगळ्यांची आडनावं वरच्या शहरांतल्या वर्तमानपत्रांना नीट लिहायला शिकावं लागलं, ते त्याच्यामुळे. दलदलीतली माणसं, बेडूकखाऊ, असंच आम्हाला म्हणत. तो पळायचा तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण पळत होता. हे मी विसरलेले नाही आणि कुणी विसरावं असंही म्हणत नाही. मी अल्सीदच्या विरुद्ध लिहीत नाहीये. त्याच्या बाजूनं बोलायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तो सामना तुला तोंडपाठ आहे, सगळ्यांनाच आहे. वरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या विद्यापीठाचा संघ, हंगामात एकदाही न हरलेला. त्यांच्या बाजूचा कुणीतरी कुंपणापाशी येऊन ओरडला होता, "या बेडूकखाऊंना खेळाचे नियम फ्रेंचमधून समजावलेत का रे?" आणि माझी ओझीत मावशी हातातलं विणकाम न थांबवता म्हणाली होती, "नियम राहू दे बाळा, आधी पँटचं बटण लाव." सामना संपत आला होता, आपण थोडक्यात मागे होतो. अल्सीद चेंडू घेऊन निघाला आणि त्यांचे दोघं दोन बाजूंनी आले. आवाज आमच्या बाकापर्यंत आला. तेव्हाची हेल्मेटं म्हणजे नुसतं कातडं. तो पडला आणि पडून राहिला. एक हात वर राहिला होता, हवेत, कोपरापासून ताठ, बोटं पसरलेली. तो हात बराच वेळ खाली आला नाही. गोष्ट सांगताना लोक तो हात वगळतात.

आणि मग गाणं सुरू झालं. ते माझ्या कोपराशेजारी सुरू झालं, अर्लीन. ओझीत मावशी उभी राहिली आणि तिनं मारियेचं ते स्तोत्र धरलं, वादळानंतर न परतलेल्या बोटींसाठी आपण धक्क्यावर म्हणतो ते. मागच्या बाकांवरच्या बायका उठल्या, मग सगळं स्टेडियम उठलं. स्ट्रेचर घेऊन धावत निघालेली दोन पोरं पांढऱ्या रेघेपाशी थांबली. कोळ्यांचीच पोरं होती ती. त्या स्तोत्राला पाऊल उचलायचं नाही, डोकं उघडं ठेवून उभं राहायचं, हे त्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. त्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि टोप्या काढल्या. डॉक्टरही थांबला. तिसऱ्या कडव्याला अल्सीद उठला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण सगळे ते हसत हसत सांगतात. उठला तो थेट समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. पंचानं खांदे धरून त्याला फिरवलं तेव्हा लोक डोळे पुसत हसले. मग त्याला चेंडू दिला आणि तो सुटला. शेवटची रेघ ओलांडली, सामना जिंकला, तरी तो थांबला नाही. कुंपणावर जाऊन आदळला, तिथेही पाय हलतच होते. संघातल्या पोरांनी त्याला मागून धरून सांगितलं, "झालं अल्सीद, झालं, जिंकलो!" आम्हाला वाटलं, केवढा हा जोर!

 घरी आल्यावर चपला काढताना मावशी मला म्हणाली, "क्लोटील, मी त्याला उठवायला नव्हते म्हणत. तो गेला असं समजून म्हणत होते." हे तिनं नंतर कितीतरी जणांना सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून रिवाजच पडला: सदतीस नंबर जमिनीवर पडला की स्टेडियम उभं राहतं आणि स्तोत्र म्हणतं, आणि स्तोत्र संपेपर्यंत रेघेच्या आत कुणी पाऊल टाकत नाही. डॉक्टर नाही, प्रशिक्षक नाही. आत गेलं तर अपशकुन! जगात दुसरीकडे माणूस पडला की धावतात. आपल्याकडे मेलेल्यांचं गाणं म्हणत त्याच्याकडे बघत राहतात, आणि त्याला श्रद्धा म्हणतात.

त्यानंतर दरवर्षी पानगळीत, कॉलेजच्या चाहत्यांच्या मंडळाचं जेवण असायचं त्याच्या आधी, अल्सीद माझ्या व्हरांड्यात येऊन बसायचा. हातात कालवांची पिशवी, बर्फात घातलेली. "क्लोटील, तो दिवस सांग ना." मला वाटायचं, पुरुषाला आपलं कौतुक ऐकायला आवडतं, त्यात नवल ते काय? मी रंगवून सांगायची. तो बारीकसारीक विचारायचा. मावशीच्या अंगावर कुठल्या रंगाचं होतं? मी आधी गुडघ्यावर आलो की हातांवर? मग मंडळाच्या जेवणात तो उभा राहून माझीच वाक्यं बोलायचा, माझ्याच ठिकाणी थांबून. एका वर्षी तो सांगत होता, "ओझीत मावशीनं विणकाम बाकावर ठेवलं आणि ती उभी राहिली," आणि माझ्या हातातला काटा तसाच राहिला. गवतात पालथ्या पडलेल्या माणसाला मावशीचं विणकाम कुठून दिसणार? तो सगळा सामना आमच्या बाकावरून दिसतो तसा सांगत होता. तिथे एवढी माणसं होती, टाळ्या वाजवत होती, एकाच्याही लक्षात आलं नाही.

मी त्याच्या बायकोला गाठलं. अनाईस माझ्याच वर्गातली, नन्सनी एकाच पट्टीनं वळण लावलेली. आमच्यात लपवाछपवी नव्हती. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, "त्याच्याकडे तो दिवस नाहीच आहे. तो आठवडाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मला मागणी घातली, क्लोटील. रविवारी चर्चबाहेर माझ्या बोटातली अंगठी बघून म्हणाला, 'अभिनंदन अनाईस! कोण गं तो नशीबवान?' मला वाटलं थट्टा करतोय. मग मी त्याचा चेहरा बघितला." मी विचारलं, मग तू काय केलंस? "काय करणार? म्हटलं, तूच रे गाढवा. तो म्हणाला, बरं." आणि ती हसली. तिचं हसणं मला अजून ऐकू येतं, फार मोठं होतं ते. त्यांनी संसार चांगला केला. पण मागणीचे ते शब्द तिच्या एकटीकडेच राहिले आणि तिच्याबरोबर पुरले गेले.

बर्फाच्या कारखान्यात तो का राबायचा, ते तिनंच मला सांगितलं. गारवा आणि काळोख. उन्हात डोळ्यांमागे कुणीतरी हातोडी मारतं असं तो म्हणायचा. लोकांना वाटायचं, केवढा साधा माणूस, एवढा मोठा खेळाडू असून लाद्या फोडतो!

त्याच्यानंतर ज्यांनी सदतीस नंबर घातला, त्यांची नावं तुला मैदानाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत दिसतील. माणसं दिसणार नाहीत. एक जण घराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून बसतो, त्याची आई त्याला भरवते. दुसऱ्यानं भर दुपारी, आरशासारख्या सपाट पाण्यात, आपली बोट सरळ पुलाच्या खांबावर नेली. दोघंही मैदानात पडले होते, दोघांसाठीही स्टेडियम उभं राहिलं होतं. आणि दोघंही उठले होते, बरं का. न उठलेला अजून कुणी नाही, असं ओव्हिड छाती काढून सांगतो. मला याच वाक्याची भीती वाटते.

आता अल्सीदच्या मरणाचं. तू तेव्हा तिकडे समुद्रात होतीस आणि तुला मंडळानं छापलेली गोष्टच माहीत आहे. नन्सच्या वृद्धाश्रमात तो दोन वर्षं होता, अनाईस गेल्यापासून. बोलणं बंद झालं होतं. वसंतात घसरून पडला आणि कमरेचं हाड मोडलं. उठायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्याच्या वाढदिवसाला मी दुधाची खीर घेऊन गेले होते आणि त्याला चमच्यानं भरवत होते. तेवढ्यात खाली बँड. ओव्हिड त्रोस्क्लेअर, विम्याचा दलाल, मंडळाचा अध्यक्ष, ज्यानं आयुष्यात जेवणाच्या टेबलापलीकडे कशाचाही पाठलाग केला नाही, तो अर्धं गाव घेऊन आला होता. आजाऱ्यांचं बघणारी सिस्टर पर्पेतुआ दारात आडवी उभी राहिली. मला वरून ऐकू येत होतं. "त्याचं हाड अजून सांधलेलं नाही, मिस्टर त्रोस्क्लेअर. गायचंच असेल तर माझ्यासाठी गा. मी उठणार नाही, याची खात्री देते." ओव्हिड म्हणाला, "सिस्टर, हे गाणं म्हणजे त्याचं औषध आहे. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला नाही कळायचं." आणि सगळे वळसा घालून खिडकीखाली आले.

पहिल्या कडव्याला अल्सीदनं माझ्या हातातून चमचा काढून घेतला आणि नीट ताटलीत ठेवला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. त्यानं तो हात बाजूला केला, किती हळुवारपणे केला म्हणून सांगू. दुसऱ्या कडव्याला पाय जमिनीवर. मी ओरडत होते, "गाणं बंद करा! ओव्हिड, बंद कर मेल्या!" पण एवढ्या मोठ्या गळ्यांपुढे माझं काय ऐकू जाणार? तो उभा राहिला. अनवाणी, त्या आश्रमाच्या निळ्या झग्यात. खांदे पुढे घेतले. माझ्याकडे वळून, दोन वर्षांत पहिल्यांदा, स्पष्ट विचारलं, "कुठल्या बाजूला?"

आणि तो खिडकीकडे निघाला, अर्लीन. खिडकीत त्याचं डोकं दिसल्याबरोबर खाली जो जल्लोष उसळला, त्यात त्याच्या पडण्याचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. मी आणि सिस्टर त्याला उचलत होतो तेव्हा ते टाळ्याच वाजवत होते. त्याच आठवड्यात तो गेला. दफनाच्या वेळी ओव्हिड रडत म्हणाला, "शेवटच्या क्षणीसुद्धा आपला अल्सीद उठला!" आणि पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडले. मी तिथेच, शवपेटीसमोर म्हटलं, "तो पडला, ओव्हिड. तुला ऐकू आलं नाही, कारण तू टाळ्या वाजवत होतास." तो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "क्लोटील, तुला धक्का बसलाय. घरी जा, काहीतरी गरम घे." आता थडग्यावरही तेच कोरलंय: तो उठला. सिस्टर पर्पेतुआ तिथून जाताना मान वळवते.

म्हणजे आता तुला कळलं असेल, नोएलला तो नंबर मिळाला तेव्हा माझ्या तोंडून अभिनंदनाचा शब्द का फुटला नाही. तरी मी गप्पच राहणार होते. पोरगा चांगला धावतो, कदाचित पडणारच नाही, असं स्वतःला समजावलं होतं. पण काल सरावाला मी नेहमीसारखी कुंपणापाशी खुर्ची आणि छत्री घेऊन बसले होते. नोएल चेंडू घेऊन वळला आणि त्याच्याच संघातल्या एका पोराचं हेल्मेट त्याच्या कानाच्या वर बसलं. पडला. आणि पोरांनी गाणं सुरू केलं. अर्धं थट्टेत, अर्धं खरंच. कुणाचं किती, ते त्यांनाही माहीत नसावं. प्रशिक्षक पाण्याची बाटली घेऊन धावत निघाला होता. तो रेघेपाशी थांबला. सरावात, अर्लीन! जिथे एक म्हातारी आणि दोन बगळे सोडले तर बघायला कुणी नाही, तिथे तो थांबला आणि त्यानं टोपी काढली. नोएल उठला, हसला, हात हलवला. ओव्हिड माझ्या शेजारीच होता, कुंपणाला पोट टेकून. "बघितलंस? त्याच्यात आहे ते!" मी म्हटलं, "त्याच्यात काय आहे ते तुझ्या बापालाही कळायचं नाही," आणि खुर्ची मिटून घरी आले.

आज बुधवार, म्हणून तो दुपारी जेवायला आला. गंबोचा दाट रस्सा केला होता, त्याला आवडतो तसा, भेंडी जास्त घालून. आल्या आल्या त्यानं पडदे ओढले. मी वाढायला घेतलं. जेवला, वाडगा धुऊन ठेवला, माझ्या गालाचा मुका घेतला, गेला. मी टेबल पुसत होते तोवर पुन्हा दार वाजलं. दारात नोएल. "कशी आहेस नॅनॅन? वास काय सुटलाय! दिवसभर काही खाल्लं नाही, वाढ लवकर." मला वाटलं चेष्टा आहे, आणि मग मी त्याचा चेहरा बघितला. मी त्याला वाढलं. तो शेवटच्या घासापर्यंत भुकेल्यासारखा जेवला आणि मी समोर बसून बघत राहिले. बाहेर रस्त्यावर त्याची गाडी उभी होती, दार उघडं, इंजिन चालू.

मी सिस्टर पर्पेतुआला बोलावून आणलं. तिनं त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, त्याला रेघेवर चालायला लावलं, आणि मग मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की हे डोकं दुखावलेलं आहे, आणि ते बरं व्हायच्या आत त्यावर आणखी एक टोला बसला तर त्या पोराला कुठलंही स्तोत्र उठवू शकणार नाही. शहरातल्या इस्पितळात तिच्या ओळखीचा डॉक्टर आहे, कुठल्याही वेळी आणा म्हणतो. तोवर काळोखात निजवायचं, मधूनमधून जागं करायचं, उलटी झाली किंवा जीभ अडखळली तर विचारायला न जाता थेट न्यायचं. मी गाडीच्या किल्ल्या लपवल्या आहेत. प्रशिक्षकानं त्याला शोधायला माणूस पाठवला होता. मी सांगितलं की नोएल फादरकडे पापांची कबुली द्यायला गेलाय, आणि त्याचं वय बघता बराच वेळ लागेल. हे थोतांड उद्यापर्यंत चालेल. फार तर शुक्रवारपर्यंत.

पण तो इस्पितळात यायला तयार नाही, आणि हे पत्र त्यासाठी आहे. वीस वर्षांच्या बैलाला मी आणि एक नन बांधून तर नेऊ शकत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. अल्सीदचं, मावशीचं, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नॅनॅन, डॉक्टरकडे गेलो तर नंबर दुसऱ्याला देतील. मग आईला काय सांगू? ती कधी अशी खूश झालेली मी ऐकलेलीच नाही. तिनं अख्ख्या किनाऱ्याला सांगितलंय." अर्लीन, त्याला ओव्हिडची पर्वा नाही, गावाचीही नाही. तो शनिवारी तुझ्या त्या सोमवारच्या रडण्यासाठी धावणार आहे. मी तुला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं; तुला दुखवावं म्हणून हे लिहीत नाही. ते रडणं जिनं त्याला दिलं, तिनंच ते परत घ्यायला हवं, आणि समोर उभं राहून घ्यायला हवं, रेडिओवरून नाही. शुक्रवारी बोट परत येते, तिच्यावर चढ. तुझ्या साहेबाला सांग की नॅनॅन मरायला टेकलीय. पोराला सांग की तुला नंबर नको, तो हवा. आत्ता मी त्याला जागं करायला मागच्या खोलीत गेले होते. त्यानं डोळ्यांवर हात घेतला आणि मला म्हणाला, "आई, दिवा बंद कर गं, सहन होत नाही." घरात एकही दिवा लागलेला नाही, अर्लीन. सगळे पडदे मी पिनांनी टाचले आहेत. मी "हो रे, केला" म्हटलं आणि तुझ्याऐवजी तिथे उभी राहिले.

तुझी वाट बघणारी, तुझीच
नॅनॅन क्लोटील